‘तरतूद नाही’ म्हणणाऱ्यांना



आपला मोर्चा निघतो मे महिन्यात. नळ कोरडा ठाक पडल्यावर. बाया हंडे वाजवतात, पोरं घोषणा देतात, साहेब निवेदन घेतो, शिक्का मारतो आणि म्हणतो, “यंदा तरतूद नाही.” संपलं. आपण बोंबलत घरी.

‘तरतूद नाही’ ही आजची शिवी आहे. आपल्या आज्याला ‘लांब हो’ म्हणायचे. आपल्याला तेच टाईप करून, सहीनिशी सांगतात. आणि ही शिवी आपण हंडा उचलायच्या कितीतरी आधी लिहून तयार असते. कुठं लिहितात? पालिकेच्या अंदाजपत्रकात.

कविता आपल्यात सगळ्यांना येते. भाषण तर पाळण्यातच येतं. पण अंदाजपत्रक म्हटलं की आपले वाघ शेपूट घालतात. म्हणे ते शेटजी-भटजींचं काम. अरे, ज्या बापाच्या नावानं तुम्ही छाती बडवता त्यानं रुपयावर ग्रंथ लिहिला. बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि २४ फेब्रुवारी १९२७ ला कशावर बोलले? अंदाजपत्रकावर. बड्या जमीनदाराला आणि तुकडाभर जमिनीवाल्याला शेतसाऱ्याचं एकच माप का, असं त्यांनी सरकारला तोंडावर विचारलं. त्यानंतर चोवीस दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २० मार्च आपण पाळतो. २४ फेब्रुवारी कुणाच्या कॅलेंडरात आहे?

महाड नीट वाचा. १९२३ मध्ये सी. के. बोल्यांनी कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पैशानं चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. हात कुणी लावू देईना. १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले, म्हणाले, जी पालिका ऐकत नाही तिचं अनुदान बंद करा. बोल्यांना नस सापडली होती. धर्म तोंडात असतो, जीव तिजोरीत असतो. पुढं ऑगस्ट १९२७ मध्ये पालिकेनं आपला ठरावच मागं घेतला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं. ठराव म्हणजे पाणी नव्हे हे आपल्याएवढं कुणाला कळायला हवं?

आता कारखाना बघू. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. माझं गाव, माझी पालिका राहू द्या, सगळ्या एका माळेच्या. मुंबई घेऊ. तिच्याइतका पैसा दुसऱ्या कुठल्या पालिकेकडं नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला प्रत्येक खातं, प्रत्येक वॉर्ड आपली मागणी लिहायला घेतो. कुठली गटार, कुठला संडास, किती पाईप. हा पहिला दरवाजा. इथं गर्दी नसते, घोषणा नसते. ज्याची ओळख त्याचं काम यादीत. मग लेखा खातं सगळं जोडतं, कापतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आयुक्त ते पुस्तक स्थायी समितीपुढं ठेवतो. १८८८ च्या कायद्यानं चालत आलेली ही रीत आहे. समिती फेरफार करते, अध्यक्ष भाषण ठोकतो. मग २२७ नगरसेवकांचं सभागृह. मार्च संपायच्या आत मंजुरी. १ एप्रिलला नवं वर्ष. आपण मे महिन्यात पोचतो. लग्न लागून वऱ्हाड जेवून गेलं, आपण अक्षता घेऊन उभे.

वर्षाच्या शेवटाला आणखी एक खेळ असतो. ‘सुधारित अंदाज’. जे खर्च झालं नाही ते दुसरीकडं वळवायचं. वस्तीची गटार ‘रखडली’ म्हणून तिचा पैसा उड्डाणपुलाखाली गेला तर कोण बघतो? चोरी म्हणता येत नाही. कायद्यात बसतं.

आणि सभागृहच नसेल तर? ७ मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत निवडणूक घ्या असं राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीत लिहिलंय. लिहिलं राहिलं. मधली अंदाजपत्रकं आयुक्ताच्या प्रशासनानं बनवली आणि प्रशासक म्हणून त्याच आयुक्तानं मंजूर केली. स्वयंपाकीही तोच, चव घेणाराही तोच. २०२५-२६ चं पुस्तक ७४,४२७ कोटींचं. त्यात झोपडपट्टीतल्या दुकानांना, धंद्याच्या गाळ्यांना मालमत्ता कर लावून ३५० कोटी गोळा करायचा बेत होता. चहाच्या गाळ्यावर नजर जाते. नळावर जात नाही. २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी द्या, पाणी हा जगण्याचा हक्क आहे, हे वदवून घ्यायला पाणी हक्क समितीला हायकोर्टात जावं लागलं. निकाल डिसेंबर २०१४ चा. महाडनंतर सत्याऐंशी वर्षांनी पुन्हा पाण्यासाठी कोर्ट!

आता सभागृह आलंय. २२७ मध्ये अनुसूचित जातींच्या राखीव जागा १५. ते पंधरा कुणाचे? पक्षाचे. व्हीप निघाला की हात वर.

गिरणीत गाठ फुटल्यापासून कोन भरेपर्यंत हिशोब असतो. किती किलो कापूस आत गेला, किती सूत निघालं, किती वेस्ट पडला. वेस्ट वाढला की मास्तर आमच्या उरावर बसतो. पालिकेच्या पुस्तकातही तसे रकाने आहेत. पुढच्या वर्षाची तरतूद असते तो रकाना पेपरात छापतात. त्याच्या शेजारी मागच्या वर्षी ‘प्रत्यक्ष’ काय खर्च झालं तो रकाना. तो वाचा. तरतूद म्हणजे वायदा. प्रत्यक्ष म्हणजे सूत. मधलं सगळं वेस्ट, आणि तो वेस्ट आपल्याच वस्तीच्या नावावर पडतो.

अजून एक बघा. गटारात उतरणारा आपला कंत्राटी भाऊ त्या पुस्तकात कुठं आहे? पगाराच्या खात्यात नाही. तो कंत्राटाच्या रकमेच्या पोटात आहे, डिझेल आणि फावड्याबरोबर. मेला तर नुकसानभरपाईच्या आकड्यात दिसेल. २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं तो आकडा तीस लाख केला. जिवंतपणी त्याला स्वतःची ओळ नाही.

आता आपल्या पुढाऱ्यांना दोन शब्द. आमच्या वस्तीची कमान पाच वर्षांत तीनदा रंगली. संडासाला दार नाही. बाया पदर धरून आडोसा करतात. कमानीवर बाबासाहेबांचं नाव आहे, म्हणून कुणी बोलायचं नाही! पुतळ्याला हात लावणाऱ्याचा हात मीही धरीन. पण बाबासाहेबांचं नाव पुढं करून दाराचे पैसे कुणी खात असेल तर तो निळा झेंडा घेतलेला कंत्राटदार आहे. त्याला जयभीम घालायचा नाही.

तेव्हा ठरवा. दिवाळीला फटाके कमी, अर्ज जास्त. संडास, नळ, गटार, शाळेची खोली, एकेक काम जागेसकट लिहून वॉर्डात द्यायचं, पोच घ्यायची. फेब्रुवारीत पुस्तक हातात घ्यायचं. मार्चमध्ये सभागृहाच्या दारात उभं राहायचं, हंडे तेव्हा वाजवायचे. डिसेंबरनंतर विचारायचं, आमचा पैसा वळवला का? कुणी सांगत नसेल तर २००५ चा माहितीचा कायदा आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प आहे.

आणि प्रत्येकानं आपापल्या पालिकेचे आपल्या वस्तीपुरते दोन रकाने, तरतूद आणि प्रत्यक्ष, उतरून या पत्त्यावर पाठवा. कविता नंतर पाठवा. पुढच्या अंकात पहिल्या पानावर ते आकडे लावू. स्टेन्सिल कापायला रात्रपाळी सुटली की मी येतो.

जयभीम.