एका जागेची किंमत : क्षमा सावंत आणि सिएटलची महापालिका

महापालिकेची निवडणूक म्हणजे नाले, गटारे आणि पाणीपट्टी यांचा हिशेब, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. बड्या उद्योगसमूहांना त्यात फारसे स्वारस्य नसते आणि असलेच तर ते उघडपणे दिसत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल शहरात मात्र २०१९च्या सिटी कौन्सिल निवडणुकीत ॲमेझॉनने सुमारे १५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा कोटी रुपयांहून अधिक रक्कम, उघडपणे ओतली. उद्योजकांच्या संघटनेने चालविलेल्या प्रचारनिधीत हा पैसा गेला. ज्यांना पाडण्यासाठी तो होता, त्यांत सर्वांत ठळक नाव होते पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांचे. मतमोजणीच्या पहिल्या रात्री त्या मागे होत्या. पुढच्या काही दिवसांत टपालाने आलेली उरलेली मते मोजली गेली आणि त्या निवडून आल्या.

सावंत हे आडनाव वाचून मराठी वाचकाला प्रथम कोकण आठवेल. प्रत्यक्षात त्यांचा जन्म १९७३ साली एका तमिळ ब्राह्मण कुटुंबात झाला. सावंत हे आडनाव लग्नानंतरचे. वडील स्थापत्य अभियंता होते. क्षमा तेरा वर्षांच्या असताना एका मद्यपी वाहनचालकामुळे झालेल्या अपघातात ते गेले. आई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुंबई विद्यापीठातून १९९४ साली संगणकशास्त्राची पदवी घेऊन क्षमा अमेरिकेत गेल्या. मुंबईतील दारिद्र्य पाहून जे प्रश्न मनात उभे राहिले, त्यांची उत्तरे संगणकात मिळेनात, म्हणून अर्थशास्त्राकडे वळले, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात पीएच.डी. केली, २००९च्या सुमारास त्या सिएटलमध्ये आल्या आणि तेथील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागल्या. ‘सोशालिस्ट अल्टरनेटिव्ह’ या छोट्या डाव्या पक्षात त्यांनी प्रवेश केला. २०१० साली अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि २०११च्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनात त्या सिएटलच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या.

आंदोलन ओसरले की कार्यकर्ते घरी जातात, हा जगभरचा अनुभव. सावंत यांनी २०१२मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढविली. त्यातला एक तपशील मजेशीर आहे. प्राथमिक फेरीत त्या एका जागेसाठी उभ्या होत्या. मात्र त्याच मतदारसंघातील दुसऱ्या जागेवर, सभागृहाचे अध्यक्ष फ्रँक चॉप यांच्याविरुद्ध, इतक्या मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने त्यांचे नाव लिहिले, की त्या तेथेही अंतिम फेरीस पात्र ठरल्या. त्यांनी चॉप यांच्याशी लढणे पसंत केले, सुमारे २९ टक्के मते मिळविली आणि अर्थातच हरल्या. पण नाव घरोघरी पोहोचले.

पुढच्याच वर्षी त्या सिटी कौन्सिलसाठी उभ्या राहिल्या. समोर होते रिचर्ड कॉनलिन. सलग सोळा वर्षे निवडून येणारे, पर्यावरणप्रेमी आणि अजिबात बदनाम नसलेले नगरसेवक. त्या वेळी कौन्सिलच्या सर्व नऊ जागांसाठी संपूर्ण शहर मतदान करीत असे आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसे. सावंत यांनी खड्डे-कचऱ्याची यादी मांडली नाही. ‘तासाला किमान १५ डॉलर वेतन’ ही एकच मागणी त्यांनी शहरभर नेली. त्या वर्षी वॉशिंग्टन राज्याचे किमान वेतन ९ डॉलर १९ सेंट होते. कौन्सिल सदस्याचा वार्षिक पगार लाख डॉलरच्या वर असताना आपण त्यातले ४० हजारच घेऊ आणि उरलेले चळवळींना देऊ, असेही त्यांनी जाहीर केले. प्राथमिक फेरीत त्यांना ३५ टक्के मते होती. अंतिम फेरीत सुमारे तीन हजार मतांनी त्या विजयी झाल्या. १९१६ साली ॲना लुईस स्ट्राँग शिक्षण मंडळावर निवडून आल्या होत्या. त्यानंतर सिएटलमध्ये शहरभराच्या मतदानातून प्रथमच एक समाजवादी उमेदवार निवडून आली.

नऊ जणांच्या सभागृहात एक मत. त्यावर काय होणार? २ जून २०१४ रोजी सिएटलच्या कौन्सिलने १५ डॉलर किमान वेतनाचा ठराव नऊ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. याचे सगळे श्रेय सावंत यांना देणे अन्यायाचे होईल. शेजारच्या सीटॅक गावात मतदारांनी हीच मागणी आधी मान्य केली होती; महापौर एड मरे यांनी मालक आणि कामगार संघटनांना एका टेबलावर बसविले होते. पण ठराव फसला तर थेट जनमत घेऊ, हा धाक सावंत यांच्या संघटनेने बाहेर उभा केला होता, आणि आत बसलेले आठ जण तो ओळखून होते. परिणामांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. २०१७मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अल्पवेतन कामगारांच्या कामाचे तास घटल्याचे दाखविले; बर्कलेच्या अभ्यासकांना उपाहारगृहांत रोजगार घटलेला आढळला नाही. दर मात्र चढत गेला. २०२५मध्ये तो २०.७६ डॉलर होता.

हीच पद्धत पुढे अडखळली. मे २०१८मध्ये मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला २७५ डॉलर कर लावण्याचा ठराव पुन्हा नऊ-शून्य असा मंजूर झाला. पैसा बेघरांच्या निवाऱ्यासाठी होता. ॲमेझॉनने एका इमारतीचे नियोजन थांबविले, उद्योगांनी जनमताची मोहीम उघडली, आणि महिना पुरा होण्याआधी त्याच सभागृहाने तो कर सात विरुद्ध दोन मतांनी मागे घेतला. विरोधी दोन मतांत एक सावंत यांचे होते. सभागृहात सहकारी त्यांना दुरावलेले होते, कारण त्या त्यांच्यावर जाहीर सभांतून टीका करीत. आणि सावंत यांच्या मते सहकाऱ्यांची मर्जी राखणे हे त्यांचे कामच नव्हते. हा प्रश्न चळवळीतून सभागृहात जाणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. त्यांनी तो कधी टाळला नाही, हे मान्य करावे लागते. त्याची किंमत त्यांच्या मागण्यांनीही मोजली, हेही तितकेच खरे.

किंमत वैयक्तिकही होती. २०२०च्या आंदोलनात टाळेबंदीच्या काळात सिटी हॉल आंदोलकांसाठी उघडणे, महापौरांच्या घरावर निघालेल्या मोर्च्यात सामील होणे आणि ॲमेझॉनवरील कराच्या प्रचारासाठी कार्यालयीन साधने वापरणे, अशा आरोपांवरून त्यांना परत बोलाविण्याची मागणी झाली. तिसऱ्या प्रकरणात त्यांनी चूक मान्य करून सुमारे साडेतीन हजार डॉलर दंड भरला. डिसेंबर २०२१च्या मतदानात त्या अवघ्या ३१० मतांनी वाचल्या.

आपल्याकडे त्यांचे नाव गाजले ते २१ फेब्रुवारी २०२३ रोजी. त्यांच्या प्रस्तावावरून सिएटल हे जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. आंबेडकरवादी संघटनांनी जल्लोष केला, तर काही हिंदू संघटनांनी हा एका समाजाला वेगळे काढून संशयित ठरविण्याचा प्रकार असल्याची टीका केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात राज्य पातळीवरचे असेच विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारले. सिएटलच्या कौन्सिलने २०२०मध्ये सावंत यांच्याच पुढाकाराने नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धही ठराव केला होता. २०२५च्या प्रारंभी, आजारी आईला भेटण्यासाठी मागितलेला व्हिसा भारत सरकारने नाकारला, असे सावंत यांनी जाहीर केले आणि त्याचा संबंध याच ठरावाशी जोडला.

सलग तीन निवडणुका जिंकलेल्या सावंत यांनी २०२३मध्ये पुन्हा उभे न राहण्याचे ठरविले. २०२५च्या जूनमध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक खासदार ॲडम स्मिथ यांच्याविरुद्ध अमेरिकी काँग्रेससाठी उमेदवारी जाहीर केली. तेथेही पक्ष नाही, बडी देणगी नाही, फक्त मागण्या.

सिएटलमध्ये मात्र त्यांच्यामागे जे उरले ते वेगळ्या वाटेने आले. नोव्हेंबर २०२५मध्ये शहराने महापौर म्हणून केटी विल्सन यांना निवडले. बसप्रवाशांची संघटना बांधणाऱ्या या कार्यकर्त्या यापूर्वी कोणत्याही पदावर नव्हत्या. बड्या कंपन्यांवरील करासाठी त्याही झगडल्या होत्या. २०२०मध्ये वेतनखर्चावरील जो कर अखेर मंजूर झाला, तो मांडला होता टेरेसा मॉस्केडा यांनी; २०१८मधील दोन विरोधी मतांपैकी दुसरे मत त्यांचे होते. त्यांनी सभागृहात त्यासाठी सात मते जमवली. तो कर आजही वसूल होतो.