रेगा की जेल्को? आधी कपाट उघडा

मंडळी, गेल्या काही महिन्यांत तीन घरांतून एकच प्रश्न आला : "लेन्को एल-७५ आहे, फिरतो झकास, पण आर्म खिळखिळा झालाय. रेगाचा बसवू का?" माझं उत्तर ऐकून तिघेही जरा खट्टू झाले, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

साठच्या दशकातला हा स्विस प्लेअर अजून का टिकलाय ते त्याची थाळी उचललीत की कळेल. जवळजवळ चार किलो! खाली मोटरचा निमुळता आडवा दांडा आणि त्यावर टेकलेलं उभं रबरी चाक. चाक दांड्यावर सरकवलं की वेग बदलतो. त्यामुळे ७८ च्या तबकड्या वाजतात, आणि तिकडच्या ५० सायकलच्या विजेवरून इथल्या ६० वर आलं तरी वेग जुळवता येतो. (व्होल्टेज मात्र प्लग लावण्याआधी बघा, नाहीतर धूर बघाल.)

बिघडतो तो आर्म. त्याच्या सुरीसारख्या धारा व्ही आकाराच्या छोट्या ठोकळ्यांवर टेकलेल्या असतात. पन्नास वर्षांत ठोकळ्यांचा भुगा होतो आणि आर्म डुगडुगायला लागतो. नवे ठोकळे मिळतात. तेवढ्यावर भागत असेल तर छानच, पुढचं वाचायची गरज नाही.

आर्म बदलायचाच असेल तर रेगाबद्दल माझी तक्रार नाही. १९८३ च्या आरबी-३०० पासून त्यांचं नाव आहे. पण त्याचं हेडशेल सुटं होत नाही. आणि आपल्या कपाटात असतं काय? वरच्या फळीवर भीमसेन, किशोरीताई, कुमार यांच्या एलपी, आणि खाली जुन्या पेटीत आजोबांच्या बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्या. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, तर ७८ ची खोबण मागते ७५ च्या आसपास. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती तळाशी घासत जाते आणि ऐकू येते नुसती खरखर. उलट ७८ ची सुई चुकून एलपीवर गेली तर ती एलपी कायमची खराब झाली समजा, आणि त्यातल्या कित्येक आता पुन्हा मिळायच्या नाहीत. म्हणून आपल्या घरांसाठी सुट्या हेडशेलचाच आर्म बरा. दोन हेडशेल, दोन सुया, मिनिटभरात अदलाबदल. सुईप्रमाणे वजन तेवढं पुन्हा लावायचं. जपानची जेल्को २०२० मध्ये बंद पडली, पण तिचा एसए-७५०डी सेकंडहँड बाजारात सापडतो. माझं मत त्याला.

आता बसवणं. मूळ भोक नव्या आर्मला जुळत नाही, पण त्यासाठी तयार पट्ट्या मिळतात, पत्रा कापायची घाई नको. आर्मचा आस आणि थाळीची मधली खुंटी यांतलं अंतर जेल्कोला २१४ मिलिमीटर लागतं, रेगाला २२२. इथे "चालतंय की" चालत नाही.

का, ते आपल्याच गाण्यात ऐकू येतं. एलपीच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, आतल्या टोकाशी जेमतेम २१. तेवढ्याच अंतरात स्वर दाटीवाटीने कोरलेले, त्यामुळे सुई किंचित तिरकी असली तरी फटका तिथे जास्त बसतो. आणि ख्यालाच्या एलपीत तिथे काय असतं? द्रुत! एका स्नेह्यांना आमच्या गावातल्या दुकानाने आर्म चार मिलिमीटर चुकवून बसवून दिला होता. विलंबित छान, ताना सुरू झाल्या की आवाज फाटायचा. बिचाऱ्यांनी सुई बदलली, मग अ‍ॅम्प्लिफायर बदलला, शेवटी गायकाच्या घशावर शंका घेतली. पट्टी सरकवून आर्म जागेवर आणला आणि तीच एलपी लावली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

मोजून झालं की कागदी प्रोट्रॅक्टरवर केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर सुई रेषेत येते का ते पाहा. हे दोन्ही हेडशेलसाठी वेगवेगळं करायचं. जुना आर्म स्क्रूंसकट डब्यात जपून ठेवा, लेन्को विकायची वेळ आली तर घेणारा तो मागतो.

पुढच्या अंकात तबकड्या धुण्याबद्दल. तोवर ७८ च्या तबकड्यांना स्पिरिट किंवा रबिंग अल्कोहोल लावू नका, शेलॅक त्यात विरघळते.