ब्लोअर बंद करण्यापूर्वी

निवृत्तीनंतर सोसायटीच्या कमिटीचा भार बहुधा ज्येष्ठांच्याच खांद्यावर येऊन पडतो. रक्तदाब मोजून झाला, गोळ्यांची उजळणी झाली, की अशी मंडळी माझ्यापुढे एक प्रश्न हमखास ठेवतात. ‘डॉक्टर, सांडपाणी शुद्धीकरणाचे वीजबिल परवडत नाही. रात्री ब्लोअर बंद ठेवला तर काय बिघडेल?’

पुष्कळ बिघडेल. बहुतेक गृहसंकुलांत हे शुद्धीकरण करणारे जिवाणू आपल्यासारखेच श्वास घेणारे असतात. मँचेस्टरमध्ये 1914 साली सिद्ध झालेल्या या पद्धतीत त्यांना अहोरात्र हवा पुरवावी लागते, आणि केंद्राची निम्मी किंवा त्याहून अधिक वीज त्या एकाच कामी खर्ची पडते. हवा कित्येक तास तोडली की हे जिवाणू गुदमरतात, गाळ कुजतो आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी पुन्हा आपल्याच फ्लशमध्ये व बागेत येते. मधुमेही, स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या व्यक्तीच्या घरी अशा पाण्याचे तुषार उडणे मला वैद्य म्हणून मान्य नाही.

तथापि वीज वाचवण्याची इच्छा मुळीच गैर नाही. तिचा मार्ग मात्र वेगळा आहे. हवेवाचून जगणारे, म्हणजे अवायुजीवी, जिवाणू आपल्या मोठ्या आतड्यात जन्मभर राबत असतात. (ते वायू निर्माण करतात, हे कोणास सांगावयास नको.) गोबरगॅसच्या टाकीत हेच काम चालते. सांडपाण्यातील घाणीचे ते मिथेन व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. हवा घेणारे जिवाणू अन्नाचा जवळजवळ निम्मा भाग स्वतःची संख्या वाढवण्यात घालवतात, आणि तोच पुढे उपसावा लागणारा गाळ होतो. अवायुजीवींच्या बाबतीत हा भाग सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणजे ब्लोअरची वीज वाचते, गाळाचा खर्च घटतो, आणि वर मिथेन हे इंधन मिळते.

नेदरलँड्सचे खात्से लेटिंगा यांनी 1970 च्या दशकात यासाठी एक साधी टाकी विकसित केली. सांडपाणी तळातून सोडायचे, जिवाणूंच्या दाट थरातून संथपणे वर चढू द्यायचे आणि माथ्याशी वायू गोळा करायचा. कानपूरच्या जाजमऊ येथे 1989 साली रोज 50 लाख लिटर सांडपाण्यावर हा प्रयोग सुरू झाला. हे जिवाणू 35 अंशांच्या आसपास रमतात आणि 20 अंशांखाली मंदावतात; आपली हवा त्यांना मानवते.

आपल्याकडे हे काम एका डॉक्टरांनी खेड्यात करून दाखवले. देहूच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. सुहास मापुसकर यांनी, औषध देऊनही परत परत येणाऱ्या पोटाच्या विकारांचे मूळ उघड्यावरील शौचात ओळखले. त्यांनी गावात शौचालये उभी केली आणि मैल्यापासून जळणाचा वायू देणारे ‘मलप्रभा’ संयंत्र घडवले. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता मर्यादा. अवायुजीवी टाकीतून बाहेर पडणारे पाणी निर्जंतुक नसते. त्यात रोगजंतू, अमोनिया आणि दुर्गंधी उरते. म्हणून पुढे हवेचा एक लहान टप्पा आणि शेवटी निर्जंतुकीकरण हवेच. घाणीचा मोठा भार आधीच उतरल्यामुळे तेथे हवा पुष्कळ कमी लागते, आणि खरी बचत ती हीच. संकुलाचे सांडपाणी पातळ असल्याने वायू बेताचाच मिळतो. विक्रेत्याने त्यावर स्वयंपाकघर चालवण्याचे स्वप्न दाखवल्यास सावध राहावे. चालू केंद्राचा ब्लोअर बंद केल्याने ते अवायुजीवी होत नाही, नुसते आजारी पडते. नूतनीकरणाचा प्रस्ताव येईल तेव्हा मात्र ‘पहिला टप्पा अवायुजीवी ठेवता येईल का?’ असे अभियंत्यास अवश्य विचारावे.

ज्यांच्या घरी सेप्टिक टाकी आहे, त्यांच्याकडे हे जिवाणू आजही बिनपगारी कामास आहेत. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी डायपर व ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नयेत. ते तेथे कुजत नाहीत. उरलेली प्रतिजैविके फ्लश करू नयेत, फिनेलची बाटली एकदम रिकामी करू नये. रुग्ण प्रतिजैविक घेत असल्यास त्याच्या मलमूत्राची चिंता नको, आणि त्यापायी औषध तर मुळीच थांबवू नये. टाकी साधारण दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी, तीही सक्शन गाडीनेच. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे आत उतरणाऱ्यास धोका कळतही नाही. संरक्षक साधनांवाचून माणूस आत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडी येईपर्यंत झाकण बंदच राहू द्यावे.