थांबायची तारीख कोण ठरवणार?

‘काय करतोस सध्या?’ या प्रश्नाला आपल्याकडे एक हुकमी उत्तर आहे. ‘एमपीएससी करतोय.’ लग्नात काकांनी विचारलं किंवा गावातल्या पारावर कुणी विचारलं, तरी हे उत्तर चालतं. पहिल्या वर्षी चालतं, तिसऱ्या वर्षीही चालतं. पाचव्या वर्षीसुद्धा चालतं, फक्त विचारणारा पुढे काही बोलत नाही.

तुम्ही पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा आपल्याच तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून हे वाचत असाल, तर आधीच स्पष्ट करायला हवं. ‘स्पर्धा परीक्षा सोडा’ असा सल्ला इथे द्यायचा नाही. प्रश्न वेगळा आहे. थांबायचं कधी, हे कोण ठरवणार?

आयोग तर ठरवणार नाही. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. यूपीएससीला खुल्या गटात ३२ वर्षं आणि सहा अटेम्प्ट. म्हणजे पदवीनंतर लगेच सुरुवात केली, तर हे दार दहा-पंधरा वर्षं उघडंच राहतं. पण तेवढ्या काळात दुसरी दारं गुपचूप बंद होत जातात. शासनासोबतच काम करायचं म्हटलं, तरी मुख्यमंत्री फेलोशिपसाठी वय २१ ते २६ लागतं, शिवाय वर्षभर कामाचा अनुभव. पाच-सहा वर्षं फक्त अभ्यासिकेत गेली, तर दोन्ही हातचं गेलं.

‘अजून एकच अटेम्प्ट’ असं वाटणं चूक नाही. पाचव्या प्रयत्नात पोस्ट काढणारे असतातच. त्यांचे फ्लेक्स लागतात, सत्कार होतात. त्याच प्रयत्नात राहून गेलेल्यांचे फ्लेक्स कुणी लावत नाही, त्यामुळे आपल्याला एकच बाजू दिसते. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत २,८५५ जण मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. उरलेले अठराशेहून जास्त उमेदवार पूर्व आणि मुख्य दोन्ही पास झालेले होते. त्यांनी अभ्यास केला नाही, असं कोण म्हणेल? जागाच तेवढ्या होत्या.

म्हणून तारीख आपणच ठरवायची आणि तीही परीक्षेच्या आधी. निकालाच्या रात्री कुणालाच नीट ठरवता येत नाही. दोन मार्कांनी गेलं, तर ‘पुढच्या वेळी नक्की’. वीस मार्कांनी गेलं, तर ‘आता जोर लावायचा’. दोन्हीचा अर्थ एकच, आणखी एक वर्ष.

तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. किती प्रयत्न देणार? खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज धरून घरून किती पैसे घेणार? आणि मागच्या प्रयत्नांमध्ये कटऑफपासून किती लांब होतो, ते अंतर कमी होतंय का? होत असेल, तर जरूर लढा. तीनदा तिथेच अडकत असाल, तर आणखी चार तास जास्त बसून ते सुटेल का, हे स्वतःलाच विचारा.

मग दुसरा प्रश्न. ‘अधिकारी व्हायचंय’ यात तुम्हाला नेमकं काय हवं होतं? कुणाला घरासाठी दर महिन्याचा खात्रीचा पगार हवा असतो. कुणाला गावच्या पाण्यासाठी काहीतरी करायचं असतं. कुणाला फक्त मान हवा असतो, आणि तेही कबूल करायला हरकत नाही. पगार हवा असेल, तर बँकेच्या परीक्षा आहेत, खासगी नोकरी आहे. पाण्याचं काम करायचं असेल, तर पाणलोटात काम करणाऱ्या संस्था आहेत. राज्यघटना वाचता वाचता तिची गोडी लागली असेल, तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे. यूपीएससीनेही मुख्य परीक्षा पास होऊन अंतिम यादीत न आलेल्यांची माहिती, त्यांच्या संमतीने, नोकरी देणाऱ्यांना दाखवण्यासाठी ‘प्रतिभा सेतू’ सुरू केलं आहे. म्हणजे तुमचा अभ्यास वाया गेला, असं खुद्द आयोगही मानत नाही.

नवीन वाट सोपी असेल, असं नाही. तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलगी तुमची सीनियर असेल. पहिला पगार मनासारखा नसेल. मुलाखतीत ‘ही गॅप कसली?’ असं विचारतील. मान खाली घालू नका. ‘एवढी वर्षं परीक्षा दिली, इथपर्यंत पोहोचलो, आता हे काम करायचंय’ असं सरळ सांगा.

आणि घरी? आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून पैसे पाठवलेले असतात, त्यामुळे हा फोन सगळ्यात अवघड. तो निकालाच्या दिवसासाठी ठेवू नका. ‘अमुक महिन्यापर्यंत देणार, नाही झालं तर हे करणार’ असं आत्ताच सांगून टाका. ऐकून ते कदाचित गप्प होतील. पण पुढे काय, याचं उत्तर दोन्हीकडे असेल.