रक्ताची साक्ष आणि आपली मुले

सौदी अरेबियाच्या पूर्व भागात अल-अहसा नावाचा खजुरीच्या बागांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. हुफूफ हे त्यातील मुख्य शहर. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांचा त्या गावाशी संबंध आला असेल. तरीही आज आम्ही प्रथम त्याचेच नाव घेतो. कारण मुलांच्या मधुमेहाविषयी तेथील अनुभव आपणांसही उपयोगी पडणारा आहे.

लहानपणी जडणारा मधुमेह, ज्यास टाइप वन म्हणतात, तो ज्या देशांत पुष्कळ आढळतो त्यांत सौदी अरेबियाची गणना होते. हुफूफच्या परिसरात याखेरीज सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोषही बराच आहे. या दोषाचा जो प्रकार तेथे दिसतो, तोच भारतातही सापडतो. म्हणून शास्त्रज्ञ त्यास अरब-भारतीय प्रकार म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात विदर्भातील लोकांस हे दुखणे चांगलेच ठाऊक आहे.

या दोन गोष्टींचा संबंध असा. मधुमेहाची तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबी ए-वन-सी ही तपासणी आता घरोघरी माहीत झाली आहे. तिचा पाया १९६८ साली तेहरान येथे डॉ. सॅम्युएल रहबर यांनी घातला. एस्तेर व मर्दखय यांची कबर जेथे दाखवितात, त्या हमादान शहरी एका यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता, हे आपण अभिमानाने सांगावे. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात व तेवढ्या काळात त्यांस साखर चिकटते, हे या तपासणीचे मर्म होय. परंतु सिकलसेलच्या रोग्याच्या पेशी फार लवकर मरतात. मग साखर वाढलेली असूनही आकडा कमी येतो आणि घरचे लोक निर्धास्त राहतात. सारांश, रक्त साक्ष देते खरे. पण साक्षीदाराची पारख केल्यावाचून निकाल देऊ नये.

दुसरे साक्षीदार याहून महत्त्वाचे आहेत. टाइप वनमध्ये शरीराचे रक्षक दलच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. या हल्ल्याच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तात पुष्कळदा रोगापूर्वी कित्येक वर्षे दिसू लागतात. अशा खुणा १९७४ साली प्रथम नोंदल्या गेल्या. आज जीएडी, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर व इन्शुलिन यांविरुद्धची प्रतिपिंडे तपासता येतात. ज्या मुलाच्या रक्तात यांपैकी दोन वा अधिक कायम आढळतात, त्यास पुढे हा रोग होण्याचा संभव फार मोठा असतो. तसेच सी-पेप्टाइड नावाचा पदार्थ शरीर इन्शुलिनबरोबरच निर्माण करते. सुईतून घेतलेल्या इन्शुलिनमध्ये तो नसतो. म्हणून त्याच्या मोजणीवरून स्वादुपिंडात किती सामर्थ्य उरले आहे, ते कळते.

कोणी म्हणेल, जो रोग बरा होत नाही तो आधी कळून काय लाभ? यास आमचे उत्तर आमच्याच चुकीतून निघते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा घटकेघटकेस पाणी पिण्यास व लघवीस जाण्याची परवानगी मागे. आम्ही त्यास कामचुकार समजून रागावलो. आठवड्याच्या आत तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचला. देवाच्या कृपेने तो वाचला. पण ती आठवण आम्हांस अजून टोचते. ज्या घरी आधीच सूचना मिळालेली असते, तेथे ही पाळी सहसा येत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. ते रोग टाळीत नाही. परंतु प्रतिपिंडे असून साखर बिघडू लागलेल्या, आठ वर्षांच्या व त्यांहून मोठ्या रोग्यांत तो सरासरी दोन वर्षे लांबवू शकते. मुलाच्या आयुष्यात दोन वर्षे ही थोडी नव्हेत.

आता मनातील खरी भीती. आपल्याकडे मुलाचे, विशेषतः मुलीचे दुखणे झाकून ठेवण्याची रीत आहे. लग्न जमणार नाही, अशी धास्ती असते. सौदी अरेबियात २००४ पासून विवाहापूर्वी सिकलसेलची तपासणी सक्तीची आहे. तो दोष आईबापांकडून सरळ मुलांत उतरतो, म्हणून त्या नियमास अर्थ आहे. टाइप वनचे तसे नाही. नव्याने रोग जडणाऱ्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात तो कोणासही नसतो. तेव्हा 'घराण्याचा डाग' हे बोलणे अज्ञानाचे आहे आणि प्रतिपिंडांचा कागद सोयरिकीच्या बैठकीत मागणे हा अन्याय आहे.

आमचे म्हणणे एवढेच. ज्या घरात एका मुलास हा रोग आहे, त्यांनी त्याच्या भावंडांच्या तपासणीविषयी आपल्या कुपत होलीमच्या डॉक्टरांस विचारावे. रक्ताचा कोणताही आनुवंशिक दोष असल्यास तो आधी सांगावा. आणि मूल फार पाणी पिऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, वाळू लागले, तर कोणत्याही मोठ्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी बोटाच्या थेंबाची साखर पाहावी. लपविल्याने रोग जात नाही. केवळ वेळ जातो. परमेश्वर आपल्या सर्व लेकरांस आरोग्य देवो. आमेन.