घरची कारागिरी : गाडीवरची बैठक

हिंवाळ्यांत गुलमर्गला जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनीं तेथें बर्फावरून भरधांव पळणारी यंत्रगाडी पाहिली असेल. पुढें घसरपट्ट्या, मागें फिरता पट्टा, आणि वर घोड्यावर बसावें तशी बैठक. कॅनडांतील क्वेबेक प्रांताचे रहिवासी जोसेफ-आर्मांद बोंबार्दिये यांनीं १९५९ सालीं अशी हलकी गाडी 'स्की-डू' या नांवानें बाजारांत आणली, आणि त्या थंड मुलखांत तिचा प्रसार झाला. तिकडील हौशी गृहस्थ घराला लागून असलेल्या गाडीखान्यांत बसून या गाडीची बैठक आपल्या अंगमापाप्रमाणें नव्यानें बांधतात. नाशिकास बर्फ पडत नाहीं, हें खरें. परंतु बैठकीचा प्रश्न बर्फाचा नसून बसणाऱ्या माणसाचा आहे. आपल्याकडे दारोदार उभ्या असलेल्या स्कूटरी व मोटरसायकली पाहिल्या म्हणजे हा प्रश्न आपल्याही घरचाच आहे, हें सहज ध्यानांत येईल.

पंचवटींतील एका परिचित कुटुंबाचें उदाहरण घ्या. घरीं एकच स्कूटर. सकाळीं ती मुलगा नेतो, दुपारीं सूनबाई, आणि सायंकाळीं नातू आजींना मागें बसवून नदीपलीकडे प्रवचनास पोंचवितो. एके दिवशीं आजींनीं प्रवचनास जाणें सोडलें. कोणी कारण विचारलें तर, "आतां होत नाहीं रे बाबा," एवढेंच उत्तर. घरच्यांना वाटलें, वय झालें. पुढें सुनेनें खोदून विचारलें, तेव्हां आजी म्हणाल्या, "अग, प्रवचनाला बसायला माझी ना नाहीं. पण त्या गाडीवर बसलें कीं मांडीला कांठ रुततो, आणि उतारावर आपण पुढें घसरतों. दोन दिवस कंबर धरून बसावें लागतें." वय नव्हे, तर चार बोटें फोम आणि हातभर रेक्झिन एका वृद्ध बाईच्या वाटेंत आडवें आलें होतें. अशीं घरें आणखीही असतील, आणि म्हणूनच हा विषय आम्हीं या महिन्यास घेतला आहे.

कारखान्यांतून येणारी बैठक वाईट असते, असें आमचें म्हणणें नाहीं. ती लाखों माणसांसाठीं एकाच सांच्यांतून निघते. म्हणजे 'सरासरी' माणसासाठीं निघते. हा सरासरी माणूस कोठें राहतो, याचा शोध अमेरिकेच्या हवाई दलानें एकदां घेतला होता. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनीं ४,०६३ वैमानिकांच्या मापांतून बैठकीस उपयोगी पडतील अशीं दहा मापें निवडलीं, आणि त्या दहाही मापांत मध्यम पट्ट्यांत बसणारे किती निघतात तें मोजलें. १९५२ सालच्या त्यांच्या अहवालांत उत्तर आलें : एकही नाहीं. कोणाचे हात लांब तर पाय आंखूड, कोणाची छाती रुंद तर कंबर बारीक. या शोधानंतर विमानांत पुढें-मागें, वर-खालीं सरकणाऱ्या बैठकींचा आग्रह वाढला. आपल्या नाशिकजवळ ओझर येथें १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तेथें काम केलेल्या कोणा शेजाऱ्यास विचारावें, म्हणजे वैमानिकाच्या बैठकीविषयीं किती काळजी घेतात हें तो सांगेल. ज्या घरांत आजीपासून नातवापर्यंत चारपांच जण एकच गाडी वापरतात, त्या घरीं सरासरी माणूस कोठून आणावा?

जुन्या स्कूटरांना पुढची व मागची अशा दोन सुट्या बैठकी असत आणि चालविणाऱ्याच्या बैठकीखालीं स्प्रिंग असे. पुढें दोघांना मिळून एक लांब बैठक आली. दिसावयास ती नेटकी, पण एकाच्या सोयीसाठीं केलेला फरक दुसऱ्यास भोंवूं शकतो. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं गाडीवर बसणाऱ्या सर्वांस एकत्र बसवून प्रत्येकास कोठें, किती वेळानें आणि कसें दुखतें, तें कागदावर लिहून घ्यावें. हा कागदच पुढील कामाचा नकाशा होय.

दुखणें कसें उद्भवतें तें थोडक्यांत सांगतों. आपण बसतों तेव्हां शरीराचा भार मुख्यतः कटिभागाच्या खालच्या दोन हाडांवर पडतो. तीं कोठें टेकतात हें पाहण्याची युक्ति सोपी आहे : कठीण पाटावर पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर क्षणभर भार देऊन बसावें, उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. या दोन जागीं आधार हवा. फोम फार मऊ असेल तर हाडें त्यांतून थेट तळाच्या पत्र्यापर्यंत पोंचतात, आणि फार कठीण असेल तर सारा भार त्या दोन बिंदूंवरच राहतो. शिवाय बैठकीची कड उभी व टोंकदार असेल तर मांडीखालीं दाब येऊन पायास मुंग्या येतात. थोडक्यांत, मऊ बैठक म्हणजे सुखाची बैठक, हा समज दुकानांत पांच मिनिटें बसून पाहणाऱ्याचा आहे. अर्ध्या तासाच्या प्रवासांत तो टिकत नाहीं.

आतां सामान. आजचा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनींत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं त्याचें रसायन शोधून काढलें. दुकानांत फोम मागतांना 'डेन्सिटी' विचारतात. तो अंक म्हणजे एका घनमीटर फोमचें किलोग्रॅममध्यें वजन. अंक मोठा तसा फोम टिकाऊ. परंतु घनता आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून अंक ऐकल्यावरही अंगठ्यानें दाबून, सोडून, तो किती त्वरेनें वर येतो तें पाहावें. गादीचा हलका फोम गाडीस घालूं नये; कांहीं महिन्यांत तो बसतो. तुकडे दाबून बनविलेला जड फोम तळाशीं आधारास चांगला. बोळे, चिंध्या, जुन्या उशींतला कापूस कोंबणें म्हणजे शब्दशः खोगीरभरती होय. त्यानें बैठक फुगते, पण बसणारा सुखावत नाहीं. याउलट आपल्या आज्यांची गोधडी डोळ्यांपुढें आणावी. तिच्यांत थरावर थर सपाट घालून, टांक्यांनीं एकजीव करून, अंगाखालीं गोळा होणार नाहीं अशी व्यवस्था असते. बैठकीचें तत्त्वही हेंच : खालीं घट्ट थर, वर अर्धा इंच मऊ थर, आणि दोन्ही पक्के चिकटलेले.

प्रत्यक्ष काम पडवींत किंवा गाडी ठेवण्याच्या जागेंत करावें. पुष्कळ गाड्यांची बैठक किल्लीनें अथवा दोनचार बोल्ट काढून सुटी होते. ती उलटी करून आवरणाच्या पिना चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनें व पकडीनें काढाव्या. जुनें आवरण फाडूं नये. शिवण उसवून त्याचे तुकडे जपावे, कारण तेच पुढें बेतण्यास नमुना म्हणून उपयोगीं पडतात. तळाचा पत्रा गंजला असेल तर घांसून त्यास तांबडा ऑक्साइड रंग द्यावा. तळ प्लॅस्टिकचा असून त्यास तडा गेला असेल तर मात्र तो बदलावाच. तडकलेल्या तळावर केलेली कारागिरी व्यर्थ होय.

फोम कापण्यास पावाची दांतेरी सुरी किंवा करवतीचें सुटें पातें पुरतें. आकार देण्यास जाड्या वाळूचा पॉलिशपेपर. ज्याचे पाय जमिनीस नीट टेंकत नाहींत, त्याच्यासाठीं लोक बैठकीची उंची छाटतात आणि हाडांखालचा आधारच घालवून बसतात. त्याऐवजीं पुढील भागाची रुंदी दोन्ही बाजूंनीं थोडी थोडी कमी करावी. मांड्या जवळ येतात, पाय सरळ खालीं जातो आणि उंची न घटवितां जमीन हातीं येते. उतारावर पुढें घसरणें थांबविण्यासाठीं मागची बैठक पुढच्या अंगास किंचित् उचलून मागें सपाट ठेवावी. जुनें नाशिक टेकड्यांवर वसलेलें, आणि नदीकडे येणारे रस्ते उताराचे. ब्रेक लावतांच मागची व्यक्ति पुढच्याच्या पाठीवर येते, ती या कारणानें.

थर चिकटविण्याचा रबरी डिंक दोन्ही बाजूंस लावून, बोटास चिकटेनासा झाल्यावर मगच थर एकमेकांवर दाबावे. या डिंकाची वाफ डोक्यास चढते आणि तत्काळ पेट घेते. म्हणून हें काम उघड्या हवेंत करावें. जवळ शेगडी, उदबत्ती किंवा देवघरांतील समई नसावी, आणि मुलांना दूर ठेवावें. यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे : आवरण न घालतां बैठक उभ्या गाडीवर बसवून, वर एक चादर टाकून, घरांतील प्रत्येकानें तिच्यावर वीस मिनिटें बसून पाहावें. या वेळीं फोम छाटणें वा जोडणें सोपें. आवरण चढल्यावर तें पुन्हां उसवणें आलें.

'रेक्झिन' हें मुळांत एका इंग्रजी कंपनीच्या कृत्रिम चामड्याचें व्यापारी नांव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तें करीत. आज त्या नांवानें विकलें जातें तें बहुधा पी. व्ही. सी. चा लेप दिलेलें कापड असतें. गुळगुळीत व काळेंभोर रेक्झिन दिसावयास सुरेख, पण वैशाखांतील नाशिकच्या उन्हांत तें तापून चटके देतें, आणि रेशमी लुगडें त्यावरून सरकतें. फिकट राखी रंगाचें व खरबरीत पोताचें घ्यावें. दोरा सुती नको, पावसानें कुजतो. नायलॉनचा घ्यावा. घरच्या शिलाई-यंत्रावर जाड सुई लावून, चाक हातानें फिरवीत, दोन पदर शिवतां येतात. त्याहून अधिक जाडीस यंत्रावर जुलूम करूं नये. शिवण बसण्याच्या सपाट जागीं येऊं देऊं नये. टांक्यांच्या छिद्रांतून पाणी आंत मुरतें आणि दुसऱ्या दिवशीं कोरड्या दिसणाऱ्या बैठकीवर बसणाऱ्याचीं वस्त्रें भिजतात. आवरणाखालीं पातळ प्लॅस्टिकचा कागद घातल्यास फोम कोरडा राहतो.

आवरण चढविण्यापूर्वीं तें घटकाभर उन्हांत ठेवावें, म्हणजे तें नरम होऊन ताणलें जातें. प्रथम पुढच्या व मागच्या मध्यावर एकेक पीन, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा क्रमानें कोपऱ्यांकडे जावें. एका बाजूनें सगळें ठोकीत गेल्यास चुण्या दुसऱ्या बाजूस जमा होतात. पिनेची लांबी तळाच्या जाडीहून कमी असावी, एवढें सांगावयास नकोच.

आतां सुरक्षिततेचें. वृद्ध स्त्रिया बहुधा एका अंगानें बसतात. त्यांचा सारा भरंवसा हातांतल्या कडीवर असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें मागें बसणाऱ्यासाठीं कायमची मूठ, पाय ठेवण्यास आधार आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आच्छादन हीं आवश्यक ठरविलीं आहेत; पदर व ओचा चाकांत जाऊं नये, हा त्यांतील हेतु. नवी बैठक मुठीवर येऊन ती झांकून टाकील, असें कदापि करूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणींतील तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून फोम व आवरण यांपुरतेंच आपलें राज्य समजावें. गाडीचा सांगाडा कापणें, बैठक लांबवून तिसऱ्यास जागा करणें, हें गृहकृत्यांत मोडत नाहीं. काम झाल्यावर बैठकीचें कुलूप खटकन् बसतें कीं नाहीं, तें दोन्ही हातांनीं ओढून पाहावें. सुटी बैठक ही दुखऱ्या बैठकीहून शतपट वाईट.

आमच्यासारख्या लेखणीवर वाढलेल्या घरांत अजूनही कोणी म्हणेल, कीं हीं कामें दुकानदारास द्यावीं, आपण कशास हात काळे करावे? त्यांस लक्ष्मणराव किर्लोस्करांचें स्मरण द्यावेंसें वाटतें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेंत शिकविणारे हे गृहस्थ. त्यांच्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवच्या सायकलींच्या दुकानानें झाला. तांबटांच्या ठोक्यांवर नांव मिळविलेल्या आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर पोसलेल्या नाशकांत तर हाताच्या कामास कमी लेखणें मुळींच शोभत नाहीं. स्वतः एक बैठक बांधून पाहिली, कीं सीट-कव्हर शिवणाऱ्या कारागिराच्या मजुरीविषयीं घासाघीस करण्याची इच्छा उरत नाहीं, हाही लाभच होय. ज्यांस वेळ वा हौस नाहीं त्यांनीं त्याच्याकडेच जावें. पण वर सांगितलेला कागद बरोबर न्यावा, आणि शक्य तर आजींनाही न्यावें.

त्या पंचवटींतील घरीं नातवानें फोम कापला, सुनेनें आवरण शिवलें, आणि मांडीखालची कड कोठें व किती उतरवावयाची तें आजींनीं स्वतः बसून सांगितलें. तीन रविवार लागले. एका उजव्या कोपऱ्यांत चुणी राहिली आहे. आजी पुन्हां प्रवचनास जाऊं लागल्या आहेत. परतींच्या वाटेवर भाजी घ्यावयासही उतरतात, असें सूनबाई सांगतात. पावसाळ्यास आरंभ होण्यापूर्वींचे दिवस अशा कामास सोईचे. वाचकांनीं आज एवढेंच करावें : घरांतील जी व्यक्ति अलीकडे गाडीवर मागें बसण्याचें टाळते, तिला कारण विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.