सही कोणाची?

सौसर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळीत आहोत. त्यांना दोन मुले. धाकटे अजून अंगावर पिते. यजमान कामधंद्यासाठी परराज्यात, घरी येणे होते ते पोळ्याला आणि दिवाळीला. पाळी चुकली तेव्हा बाईंनी तपासून घेतले. दिवस गेल्याचे निघाले. तिसरे मूल नको हे उभयतांचे आधीच ठरलेले होते, फोनवर पुन्हा बोलणेही झाले. त्या एका दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी खिडकीवरच उत्तर मिळाले, ‘‘पति को साथ लाइए, उनके साइन लगेंगे.’’ पुढच्या खेपेस सासूबाईंना घेऊन गेल्या. उत्तर तेच. यजमानांना रजा मिळेपर्यंत महिना उलटला आणि गोळ्यांनी झाले असते ते काम दवाखान्यात राहून करून घ्यावे लागले. बाई विचारतात, कायद्यात नवऱ्याची सही खरोखरच सांगितली आहे काय?

नाही. सांगितलेली नाही, आणि कधीच नव्हती.

इतके उत्तर पत्रोत्तरी पाठवून मोकळे होता आले असते. परंतु असे ऐकून परत फिरणाऱ्या त्या एकट्याच असतील असे आम्हास वाटत नाही. म्हणून या खेपेचे सदर याच विषयाला द्यावे असे ठरविले. विषय नाजूक आहे. मासिक घरात सर्वजण वाचतात, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण ज्या गोष्टीवाचून एखाद्या घरच्या लेकीसुनेच्या जिवावर बेतते, ती घरच्या मासिकात बोलायची नाही तर कोठे बोलायची?

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संसदेने १९७१ साली केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. त्याआधी १८६० चे दंडविधान तेवढे होते. त्याच्या ३१२ व्या कलमाप्रमाणे आईचा जीव वाचविण्याखेरीज अन्य कारणाने गर्भ पाडणे हा गुन्हा होता, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात गुन्हेगार ठरे. ते कलम नाहीसे झालेले नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते ८८ व्या क्रमांकावर बसले आहे, इतकेच. १९७१ च्या कायद्याने केले ते एवढेच की, ठरावीक अटी पाळून नोंदणीकृत डॉक्टराने गर्भपात केल्यास तो गुन्हा धरू नये. म्हणजे हा कायदा पाहता पाहता स्त्रीसाठी झाला असला तरी त्याची भाषा डॉक्टरला संरक्षण देण्याची आहे. ‘मला नको’ असे स्त्रीने म्हटले की झाले, असे त्यात कोठेही नाही. तिच्या जिवाला, अगर तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका आहे, किंवा होणारे मूल गंभीर व्यंग घेऊन येईल, असे डॉक्टरचे प्रामाणिक मत व्हावे लागते. मात्र त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, संततिनियमनाचे साधन फसून दिवस गेले असतील, तर त्यापासून होणारा मनस्ताप हीच मानसिक आरोग्याची गंभीर हानी समजता येईल. आणि मत बनविताना डॉक्टरने तिची घरची परिस्थितीही लक्षात घ्यावी. सामान्य संसारी बाईची बहुतेक कारणे यात बसतात.

स्त्रीच्या स्वतःच्या हाती कायद्याने ठेवलेली गोष्ट एकच, ती म्हणजे संमती. तिसऱ्या कलमातील चौथे पोटकलम सांगते की, गर्भवती स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही. अठरा वर्षांखालील मुलगी असेल किंवा स्त्री मनोरुग्ण असेल, तरच पालकाची लेखी संमती हवी. संमतीचा जो छापील नमुना आहे त्यावर सही तिची. लिहिता येत नसेल तर अंगठा तिचा. पती, सासू, दीर, वडील यांपैकी कोणालाही त्या कागदावर जागा नाही. आधीच थोडके दिले, आणि दिले तेही खिडकीवर काढून घेतले जाते!

मग ही सही मागण्याची रीत आली कोठून? आमच्या मते ती बऱ्याच अंशी भीतीपोटी आली आहे. उद्या नवरा येऊन दंगा करील, खटला भरील, म्हणून कागद आधीच हाती असावा, असा हिशेब. असा खटला एका नवऱ्याने खरोखरच भरला होता. पंजाबकडील हे प्रकरण. पत्नीने आपल्या संमतीवाचून गर्भपात करून घेतला म्हणून त्याने तिच्यावर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. २०११ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सांगितले की संमती लागते ती स्त्रीची. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचे अपील फेटाळून लावले. डॉक्टरांच्या भीतीवर याहून चांगला उतारा कोणता असणार? मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००७ साली घटस्फोटाच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक छळाची उदाहरणे देताना, वैद्यकीय कारण नसता पतीच्या नकळत वा संमतीवाचून केलेला गर्भपात हेही एक उदाहरण म्हणून दिले आहे. नवराबायकोचे भांडण कोर्टात गेले तर त्याचा उल्लेख होऊ शकतो. पण तो संसारातला तंटा झाला. दवाखान्याच्या खिडकीवर त्याचा काही संबंध नाही.

भीतीचे आणखी एक कारण म्हणजे दोन कायद्यांचा घोटाळा. मुलगा की मुलगी हे पाहून गर्भ पाडण्याला बंदी करणारा कायदा प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, आणि १९९४ मध्ये तो सबंध देशासाठी झाला. तो योग्यच आहे. परंतु भिंतीभिंतींवर ‘भ्रूणहत्या पाप है’ असे वाचून वाचून लोकांची अशी समजूत झाली की गर्भपात हाच मुळी बेकायदा आहे. ती चूक आहे. गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा.

२०२१ साली कायदा बदलला तो पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. वीस आठवड्यांपर्यंत आता एका डॉक्टरचे मत पुरते. पूर्वी बारा आठवड्यांनंतर दोघांचे लागे. वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, पण ठरावीक स्त्रियांनाच: अत्याचाराला बळी पडलेल्या, अल्पवयीन, अपंग, दिवस गेल्यावर वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या, अशा काही जणींना. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तर राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. बोपन्ना व न्या. पारडीवाला यांनी निकाल दिला की वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहितेला वगळता येणार नाही. त्याच निकालपत्रात, घरच्यांची संमती, नाना तऱ्हेचे दाखले, कोर्टाचा हुकूम अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, हेही स्पष्ट म्हटले आहे. आमच्या पत्रलेखिकेच्या प्रश्नाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर ते हेच.

हा विषय आपल्या मराठी घरांना परका आहे असेही नव्हे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवून जावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, आणि तो डॉक्टर झाला. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला जन्मल्या मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. तिच्यावर पुण्याच्या पत्रांतून जी झोड उठली, तिला उत्तर देण्यास एकच बाई पुढे आली, आणि ती आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याची. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली निघाले. पुरुष नामानिराळा राहतो आणि शिक्षा बाईला, हा कसला न्याय, हा त्यांचा प्रश्न होता. बुलढाणे आणि पांढुर्णे तेव्हा काही फार परके मुलूख नव्हते.

पुढे १९२१ मध्ये रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. महर्षींचा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. या कामापायी विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतील १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडली ती डॉ. आंबेडकरांनी. आणि १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधानसभेत आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. सभागृहात त्या दिवशी हसणारेही असतील. आज त्यांची नावे कोणास आठवतात?

(जाता जाता एक मनात आले. पोळ्याच्या पाडव्याला जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णे आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. त्यामागची कथा सर्वांस माहीत आहे: पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, नदीत गाठलेले ते दोघे आणि दोन्ही काठांवरून आलेले दगड. मुलगी आमची की तुमची यावर दोन्ही गावे भांडली. तिला कोणाकडे जायचे होते हे विचारणारा त्या कथेत कोणी नाही.)

आता आपल्या मुलुखाचे म्हणून जे आहे ते. १९५६ पर्यंत छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते; राजधानी नागपूर, हायकोर्टही नागपुरास. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, हायकोर्ट जबलपुरास गेले, आणि सौसर-पांढुर्ण्याची मराठी घरे होती तेथेच राहून मध्य प्रदेशाची झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. तरीही दुखणे जरा वाढले की गाडी धरायची ती नागपूरची. लेकी दिलेल्या काटोल-नरखेडला, सुना आणलेल्या वरुड-मोर्शीहून. गर्भपाताचा कायदा केंद्राचा असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच आहे. नागपूरच्या डागा रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये गेलेल्या इकडच्या बाईलाही संमती द्यायची ती स्वतःचीच. पण प्रकरण कोर्टात न्यायची वेळ आली, तर इकडच्या दवाखान्याविरुद्धची दाद जबलपुरास मागावी लागते. उपचाराला नागपूर, न्यायाला जबलपूर! ज्या कामात एकेक आठवडा मोजला जातो त्यात हे अंतर फार आहे. म्हणूनच आमचे सांगणे असे की, पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले की वाट पाहू नये, तपासून घ्यावे. संत्र्याची तोड उरकू दे, पाहुणे जाऊ देत, असे म्हणता म्हणता दोन महिने निघून जातात.

गोळ्यांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ती सुरक्षित पद्धत आहे. पण खिडकीवरून परत फिरविलेली बाई पुष्कळदा औषधाच्या दुकानात जाते आणि चिठ्ठीवाचून मिळतील त्या गोळ्या आणून घेते. किती आठवडे झाले, गर्भ नळीत तर अडकलेला नाही ना, अंगात रक्त किती, हे कोणीच पाहिलेले नसते. रक्तस्राव थांबेनासा झाला, ताप आला, पोटात असह्य दुखू लागले, तर लाज न बाळगता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे, आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

हीच गोष्ट कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची. तेथेही जोडीदाराची संमती आवश्यक नाही, असे केंद्र सरकारच्या नियमावलीत लिहिलेले आहे. मात्र येथे सक्तीचीही बाजू आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि पुढे त्यांतील कित्येक जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असे सांगितले. ‘हो’ म्हणण्याची सही तिची, तशी ‘नाही’ म्हणण्याचीही तिचीच. पुरुषाची शस्त्रक्रिया त्याहून सोपी, पोट उघडावे लागत नाही. रघुनाथरावांनी ती स्वतःवर करून घेतली होती. आपल्या घरांतून मात्र शस्त्रक्रियेची पाळी बाईवरच येते. का, ते पुरुष वाचकांनी सांगावे. पत्रे अवश्य छापू.

खिडकीवर अडविले गेल्यास काय करावे? भांडू नये. डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटण्याचा आग्रह धरावा आणि पतीची सही कोणत्या नियमाने मागता ते कागदावर लिहून द्या, असे शांतपणे म्हणावे. लिहून मागितले की पुष्कळदा नियमच नाहीसा होतो. तरीही न जमल्यास जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. अर्ज मराठीत सुचत असेल तर मराठीतच लिहावा आणि हिंदी करून घ्यावा. गावची आशाताई किंवा शाळेचे गुरुजी एवढे साहाय्य करतील. अर्जात आपले नाव घालण्याचा संकोच वाटत असेल तर हे ध्यानात असावे की, गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या कायद्याप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलगी असल्यास पोलिसांना कळविणे डॉक्टरला भागच आहे. परंतु मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास त्या कळविण्यात तिचे नाव-गाव देण्याची गरज नाही, हेही २०२२ च्या त्याच निकालात आहे.